लेगोचा तोच ठोकळा एका रंगात स्वस्त आणि दुसऱ्या रंगात महाग, असं का होतं?

२००८ साली लेगो कंपनीनं 'ग्रीन ग्रोसर' नावाचा सेट बाजारात आणला. तळमजल्यावर भाजी-फळांचं दुकान, वर दोन मजले घरं आणि दर्शनी बाजूला पुढे आलेल्या खिडक्या. एकूण २,३५२ पार्ट आणि अमेरिकेतली किंमत १४९.९९ डॉलर. काही वर्षांनी कंपनीनं हा सेट बनवणं बंद केलं. मग जे व्हायचं तेच झालं. न उघडलेल्या खोक्याची किंमत वाढत गेली आणि सामान्य हौशी माणसाच्या हाताबाहेर गेली.

त्यावर लोकांनी एक साधा विचार केला. बांधणीची पुस्तिका लेगोच्या वेबसाइटवर फुकट मिळते. ठोकळे सुटे विकणारी दुकानं ऑनलाइन आहेत. मग खोकं कशाला हवं? २,३५२ पार्ट एकेक करून जमवायचे आणि इमारत उभी करायची.

यादी काढली, दुकानं धुंडाळली. बहुतेक पार्ट सहज आणि स्वस्तात मिळत होते. गाडी अडली ती एका अगदी साध्या ठोकळ्यावर, १ बाय ८ च्या. म्हणजे एका ओळीत आठ बटणं असलेला लांबट ठोकळा. यात ना काही गुंतागुंत, ना नक्षी. पण या इमारतीच्या भिंतींचा रंग होता 'सँड ग्रीन', म्हणजे जुन्या तांब्यावर चढतो तसा राखाडी झाक असलेला हिरवा. या रंगातला हा ठोकळा कंपनीनं मोजक्याच सेटमध्ये दिला होता आणि ग्रीन ग्रोसरच्या भिंतींना तो मोठ्या संख्येनं लागत होता. त्यामुळे लाल किंवा पांढऱ्या रंगात किरकोळ किमतीला मिळणारा हाच ठोकळा सँड ग्रीनमध्ये कित्येक पटींनी महाग झाला. अख्ख्या इमारतीचं बजेट या एका पार्टनं खाल्लं.

स्वतःच्या डोक्यातलं मॉडेल बनवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येतेच. अशा मॉडेलला या छंदातले लोक 'मॉक' म्हणतात, म्हणजे 'माय ओन क्रिएशन'. कुणी गावाकडचा वाडा बनवतं, कुणी एसटीची लाल बस, कुणी लोकल ट्रेनचा डबा. बहुतेकांचा समज असा की मॉडेल जितकं मोठं, तितका खर्च जास्त. प्रत्यक्षात खर्च ठरतो तो कोणता पार्ट, कोणत्या रंगात आणि किती पार्सलांमधून येतो यावर. ५०० पार्टचं मॉडेल १,००० पार्टच्या मॉडेलपेक्षा महाग पडू शकतं.

हे कसं होतं ते कळायला सुटे ठोकळे येतात कुठून ते बघावं लागेल.

सुट्या ठोकळ्यांचा सगळ्यात मोठा ऑनलाइन बाजार म्हणजे 'ब्रिकलिंक'. डॅन जेझेक नावाच्या लेगोप्रेमी तरुणानं तो २००० साली सुरू केला. तेव्हा त्याचं नाव 'ब्रिकबे' होतं. २०१० मध्ये डॅनचं अकाली निधन झालं. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या नेक्सॉन या गेमिंग कंपनीच्या संस्थापकानं ही वेबसाइट घेतली आणि २०१९ मध्ये खुद्द लेगो कंपनीनं ती विकत घेतली. त्या वेळी ब्रिकलिंकवर ७० देशांमधली १०,००० हून अधिक दुकानं आणि १० लाखांहून जास्त सदस्य होते. यातली कित्येक दुकानं म्हणजे कुणाच्या तरी घरातली एक खोली आणि भिंतीला लावलेले छोटे छोटे ड्रॉवर.

हे दुकानदार माल कसा भरतात? सवलतीत सेट विकत घेतात, खोकी फोडतात, पार्ट रंगानुसार आणि आकारानुसार वेगळे करतात आणि सुटे विकतात. याला 'पार्ट आउट' करणं म्हणतात. म्हणजे सुट्या ठोकळ्याचा पुरवठा कंपनीच्या सेटवर अवलंबून असतो. एखादा पार्ट एखाद्या रंगात गेल्या दोन-तीन वर्षांत वीस सेटमध्ये आला असेल तर तो ढिगानं मिळतो. एकाच सेटमध्ये आला असेल आणि तोही दहा वर्षांपूर्वी, तर दुकानदार म्हणेल ती किंमत. ठोकळा बनवायला लागणारं प्लास्टिक दोन्हीकडे सारखंच!

म्हणून या बाजारात 'ठोकळा' असं काही नसतंच. असतो तो 'या रंगातला हा ठोकळा'. लेगो कंपनीही तसंच मोजते. २ बाय ४ च्या सुप्रसिद्ध ठोकळ्याच्या साच्याचा नंबर ३००१. पण लाल रंगात त्याचा नंबर ३००१२१, काळ्यात ३००१२६ आणि पांढऱ्यात ३००१०१.

एवढं लक्षात आलं की पैसे वाचवायची पहिली जागा दिसते. ती खरेदीच्या वेळची नाही, डिझाइनच्या वेळची आहे.

बरेच जण मॉडेल पूर्ण डिझाइन करतात, त्याच्या प्रेमात पडतात आणि मग पार्टची किंमत बघतात. तोवर उशीर झालेला असतो. 'स्टुडिओ' हे ब्रिकलिंकचं डिझाइन सॉफ्टवेअर फुकट आहे. एखादा पार्ट निवडलेल्या रंगात कधी बनलेलाच नसेल तर ते सांगतं. आणि ब्रिकलिंकवर प्रत्येक पार्टच्या प्रत्येक रंगाचं 'प्राइस गाइड' असतं. गेल्या सहा महिन्यांत तो पार्ट खरोखर किती किमतीला विकला गेला, ते त्यात दिसतं. इथे दुकानदार काय मागतोय ते बघू नये, सौदा कितीला झाला ते बघावं. कारण मागायला काय, कुणीही काहीही मागतं.

तेव्हा मुख्य भिंतीचा रंग ठरवण्याआधी पाच-सहा नेहमीच्या पार्टची त्या रंगातली किंमत तपासायची. पांढरा, काळा, लाल, राखाडी, टॅन हे रंग सहसा भरपूर मिळतात. विचित्र जांभळा किंवा जुना फिरोजी डोक्यात असेल तर तो दारं, खिडक्या, पाटी अशा थोड्या जागी ठेवायचा. एसटीची बस लाल आहे हे या बाबतीत नशीबच म्हणायचं.

दुसरं, जे दिसत नाही त्याच्या रंगाला काही महत्त्व नसतं. भिंतीच्या आतला भराव, पायाखालच्या प्लेट, छताच्या आतला सांगाडा, हे सगळं घरात पडलेल्या कुठल्याही रंगाच्या ठोकळ्यांचं बनू शकतं. लेगोचे अधिकृत सेट उघडून बघा. बाहेरून राखाडी दिसणाऱ्या इमारतीच्या पोटात पिवळे, निळे, लाल ठोकळे असतात. तिथे ते बांधणाऱ्याला पार्ट चटकन सापडावा म्हणून असतात, पण मुद्दा तोच. मोठ्या मॉडेलमध्ये हा न दिसणारा भाग चांगलाच मोठा असतो आणि स्टुडिओमध्ये डिझाइन करताना सवयीनं सगळ्यालाच बाहेरचा रंग दिला जातो. त्याचे पैसे उगीच जातात.

तिसरं म्हणजे अदलाबदल. १ बाय ८ महाग आहे? मग दोन १ बाय ४ चालतील का, किंवा एक १ बाय ६ आणि एक १ बाय २? भिंतीवर एक जास्तीची रेघ दिसेल आणि सांधे एकावर एक आले तर भिंत कमकुवत होईल, म्हणून खऱ्या गवंड्यासारखी सांधेमोड करावी लागेल. पण किंमत एकदम खाली येऊ शकते.

साच्यांचीही एक गंमत आहे. लेगो अधूनमधून एकाच पार्टच्या साच्यात बारीक बदल करते. खाली खाच असलेली टाइल, नसलेली टाइल, असं. ब्रिकलिंकवर त्यांची नोंद वेगवेगळी होते. यादीत जुना प्रकार आला तर त्याची किंमत संग्राहकांच्या भावानं लागते. मॉडेलमध्ये मात्र दोन्ही सारखेच दिसतात. यादी चढवण्याआधी अशा पार्टवर एक नजर टाकली तर बरेच पैसे वाचतात.

आता टपालखर्च. नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

समजा तुमच्या मॉडेलला ६०० पार्ट हवेत. एका दुकानात सगळे मिळतात, सरासरी १२ रुपयांना एक. झाले ७,२०० रुपये. टपालखर्च ९०० धरला तर एकूण ८,१००. दुसरीकडे पाच वेगवेगळ्या दुकानांत मिळून हेच पार्ट सरासरी ९ रुपयांना मिळतात. पार्टचे झाले फक्त ५,४००. पण पाच पार्सलांचे ४,५००. एकूण ९,९००. पार्ट स्वस्त घेतले आणि सौदा महागात गेला. त्यात काही दुकानांची 'किमान इतक्याची खरेदी करा' अशी अट असते, ती वेगळीच. मग ती अट पूर्ण करायला नको असलेले पार्ट कार्टमध्ये टाकले जातात.

ब्रिकलिंकवर तुमची यादी 'वाँटेड लिस्ट' म्हणून चढवता येते. कोणत्या दुकानांच्या जोडीत सगळं मिळेल हे वेबसाइट शोधून देते. पण तिचं पहिलं उत्तर शेवटचं मानू नये. बहुतेक वेळा असं दिसतं की यादीतले ९० टक्के पार्ट दोन दुकानांत मिळतायत आणि उरलेल्या चार-पाच पार्टसाठी आणखी तीन दुकानांकडे जावं लागतंय. अशा वेळी दुकान बदलण्यापेक्षा ते चार-पाच पार्ट बदलावेत. परत डिझाइनकडे जायचं. तो हिरवा दिवा पिवळा केला तर? ती कमानीची खिडकी चौकोनी केली तर? एका पार्टच्या अदलाबदलीनं अख्खं पार्सल वाचतं. डिझाइन आणि खरेदी अशी दोन-तीनदा मागेपुढे केली की एकूण रक्कम बघता बघता उतरते.

आणि यात रंगांच्या नावांचा घोळ आहे, तो आधीच समजून घ्यायला हवा. लेगो कंपनीची नावं वेगळी, ब्रिकलिंकची वेगळी. ब्रिकलिंक ज्याला 'टॅन' म्हणतं त्याला कंपनी 'ब्रिक यलो' म्हणते. ब्रिकलिंकचा 'लाइट ब्लूइश ग्रे' म्हणजे कंपनीचा 'मीडियम स्टोन ग्रे'. त्यातही २००४ च्या सुमारास लेगोनं आपले राखाडी आणि तपकिरी रंगच बदलले. जुन्या राखाडीत पिवळसर झाक होती, नव्यात निळसर आहे. नावात फक्त 'ब्लूइश' या शब्दाचा फरक आहे. चुकून अर्धे जुने आणि अर्धे नवे मागवले तर भिंतीवर ठिगळ लावल्यासारखं दिसतं आणि परत सगळं मागवावं लागतं.

खरं तर सगळ्यात स्वस्त ठोकळा म्हणजे घरात आधीच असलेला. 'रिब्रिकेबल' नावाच्या वेबसाइटवर तुमच्याकडचे सेट नोंदवता येतात. मग ती सांगते की या पार्टमधून जगभरातल्या लोकांनी केलेली कोणती मॉडेल्स बनू शकतात आणि एखाद्या मॉडेलला तुमच्याकडे नेमके किती पार्ट कमी पडतायत. एकाच सेटच्या पार्टमधून दुसरंच काही बनवलेली डिझाइन्सही तिथे भरपूर आहेत. काही फुकट, काही थोड्या पैशांत. विकत घ्यावी लागली तर घ्यावी, ती कुणाच्या तरी कित्येक रात्रींची मेहनत असते.

परदेशात राहणाऱ्यांकडे आणखी एक सोय आहे. लेगोच्या अनेक दुकानांमध्ये 'पिक अ ब्रिक'ची भिंत असते. ठरलेल्या किमतीचा पेला किंवा डबा घ्यायचा आणि त्यात मावतील तेवढे पार्ट भरायचे. नुसते ओतले तर अर्धी जागा हवाच घेते. जाणकार लोक ठोकळे एकमेकांत बसवून, उभे रचून पेला भरतात आणि फटींमध्ये बारीक पार्ट सोडतात. डबा भरायची आजीची पद्धत इथे कामाला येते.

जुने ठोकळे वजनावर घेणं हाही चांगला मार्ग आहे, पण डोळे उघडे ठेवून. १९६३ पासून लेगोचे ठोकळे एबीएस या प्लास्टिकचे बनतात. ते टिकाऊ असतं, इतकं की कित्येक दशकांपूर्वीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. पण उन्हात राहिलेले पांढरे आणि राखाडी ठोकळे पिवळे पडतात. काही काळातले तपकिरी आणि गडद लाल पार्ट ठिसूळ निघाले आहेत, काढघाल करताना ते तुटतात. त्यामुळे जुना माल भरावासाठी घ्यावा आणि दर्शनी भागासाठी निवडून वापरावा. धुवायचे तर कोमट पाण्यात, ४० अंशांच्या खाली आणि हातानं.

जुन्या सेटमध्ये छोटी माणसं, म्हणजे मिनिफिगर, असतील तर आधी त्यांची किंमत बघा. चित्रपटांवर आधारित सेटमध्ये बऱ्याचदा खरी किंमत त्यांचीच असते. इमारती आणि गाड्या बनवणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो आणि संग्राहकाला ठोकळ्यांचा नसतो. माणसं विकून ठोकळ्यांचे बरेचसे पैसे वसूल करणारे लोक आहेत.

मग सरळ दुसऱ्या कंपनीचे ठोकळे का घेऊ नयेत? घेता येतात आणि त्यात बेकायदा काही नाही. लेगोच्या मूळ ठोकळ्याचं पेटंट केव्हाच संपलंय. ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क सांगायचा लेगोचा प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१० मध्ये फेटाळला. पण लेगोचे सेटच्या सेट उचलून, खोक्यासकट नक्कल करून विकणं हा वेगळा प्रकार आहे. चीनमधल्या 'लेपिन'नं तेच केलं आणि २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयानं त्याच्या सूत्रधाराला सहा वर्षांची कैद आणि ९ कोटी युआनचा दंड ठोठावला. प्रामाणिकपणे स्वतःचे ठोकळे बनवणाऱ्या कंपन्यांचा माल घेताना दोन गोष्टी बघायच्या. रंग लेगोच्या रंगाशी तंतोतंत जुळतोच असं नाही आणि पकड कमीजास्त असते. म्हणून मिसळून दर्शनी भिंत बांधण्यापेक्षा आतल्या भरावाला ते जास्त सोयीचे.

भारतात बसून हा छंद करणाऱ्याचं गणित थोडं वेगळं पडतं. परदेशी खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. परदेशातल्या सुट्या दुकानातून पार्सल मागवायचं तर टपालखर्चाच्या वर कस्टमचे पैसेही धरावे लागतात. 'भेटवस्तू आहे' असं लिहून सुटायची जुनी ५,००० रुपयांची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली.

त्यामुळे इथे दर महिन्याला छोटी पार्सलं मागवणं परवडत नाही. त्यापेक्षा चार मित्रांनी मिळून एकच मोठी यादी करणं परवडतं. किंवा इथल्याच ऑनलाइन सेलमध्ये सेट घेऊन तो फोडणं. पण तेव्हा 'एका पार्टला किती पैसे पडले' एवढंच बघून भुलू नये. हजार पार्टच्या खोक्यात चारशे पार्ट नखाएवढ्या टाइल असतील तर त्यातून भिंत उभी राहत नाही. आपल्या यादीतले किती पार्ट त्या सेटमध्ये आहेत ते आधी मोजायचं. सेटच्या पार्टची पूर्ण यादी रिब्रिकेबलवर आणि ब्रिकलिंकवर फुकट दिसते.

आणि ग्रीन ग्रोसरचं काय झालं? सँड ग्रीन रंग पुढेही येत राहिला, २०१८ च्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या सेटमध्ये तर जवळजवळ अख्खा पुतळाच त्या रंगाचा होता. पण तेवढी वाट बघायची सगळ्यांची तयारी नव्हती. पुष्कळांनी पुस्तिका तीच ठेवली आणि भिंतींचा रंग बदलला. कुणी टॅन केला, कुणी राखाडी. सगळ्यात महाग पार्ट यादीतून गेला आणि इमारत उभी राहिली. नावालाही धक्का लागला नाही, कारण इंग्रजीत 'ग्रीनग्रोसर' म्हणजे भाजीवाला आणि भाजीवाल्याचं दुकान हिरवंच असलं पाहिजे असं थोडंच आहे!